लेव्हल कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मामेभावाचा मेसेज आला. "दादा, चौदाव्या लेव्हलला अडकलोय. बॉस दोन फटक्यांत मारतो. काय करू?"

तो निगडीत राहतो, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'ड्रॅगन क्वेस्ट ११' घेऊन बसलाय. नाद माझाच. त्यामुळे जबाबदारीही माझीच. मी उठून बसलो आणि सविस्तर उत्तर लिहिलं.

बॉसच्या नादी आत्ता लागू नकोस, मागे फिर. वाटेत दिसेल त्या प्रत्येकाशी लढत बसू नकोस, मेटल स्लाइम शोध. छोटासा, चकचकीत, टोकदार डोक्याचा थेंब. जीव अगदी थोडा, पण कातडी लोखंडाची, आणि संधी मिळाली की पळून जातो. सापडला तर बाकी राक्षसांच्या कितीतरी पट अनुभव देऊन जातो. त्याच्यावर मंत्र वाया घालवू नकोस. भाल्याची आणि कुऱ्हाडीची एकेक चाल अशी आहे की लागली तर थेट वर्मी लागते, नाहीतर हवेत जाते. ती वापर. राखीव बसवलेल्या सोबत्यांनाही अनुभव मिळतो, त्यांची काळजी करू नकोस. नवी तलवार विकत घेण्याआधी भट्टीत घडवता येते का बघ. आणि साइड क्वेस्ट कर. सगळ्या नको, ज्यांचं बक्षीस कामाचं आहे तेवढ्याच.

शेवटचं वाक्य मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय. त्या रात्री ते पाठवल्यावर मला चाकणचा एक मुलगा आठवला. त्याच्यापर्यंत पोचायला जरा वळसा पडेल.

हे गेम कधी खेळला नसाल तर थोडक्यात सांगतो. जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये तुम्ही बहुतेक वेळा एक पोरगं असता. गावातून निघता आणि शेवटी जग बुडवायला निघालेल्या कुणालातरी हरवता. मधल्या पन्नास-साठ तासांत मुख्य कथेशिवाय दोन कामं असतात. एक म्हणजे लढून लढून लेव्हल वाढवणं, आणि दुसरं, वाटेत भेटणाऱ्या लोकांची छोटी-मोठी कामं करून देणं. पहिल्याला आम्ही ग्राइंडिंग म्हणतो, दुसऱ्याला साइड क्वेस्ट.

लढाईचे गुण साठवून लेव्हल वाढण्याची कल्पना मूळची अमेरिकन, १९७४च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची. पण तिला घराघरात नेलं ते जपानच्या युजी होरी यांनी, मे १९८६मध्ये आलेल्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मधून. त्यात एक स्लाइम मारला की अनुभवाचा एक गुण मिळतो. सात गुण झाले की दुसरी लेव्हल. शेवटची लेव्हल तिसावी, आणि तिला लागतात ६५,५३५ गुण. हा आकडा वाचून कुठलाही प्रोग्रामर हसेल: दोन बाइटमध्ये याहून मोठा आकडा मावतच नाही. माणसाच्या वाढीची सीमा मेमरीच्या चिपने ठरवली होती.

या व्यवस्थेत एक वचन दडलेलं आहे. इतर बऱ्याच गेममध्ये बोटं चपळ लागतात, इथे नाही लागत. इथे वेळ दिला की झालं. सहा स्लाइम मारून झोपलात तरी उद्या सातवा मारल्यावर लेव्हल वाढणारच, कालचे सहा कुणी काढून घेत नाही. केलेलं वाया जात नाही, एवढंच ते वचन. ऐकायला साधं आहे. पण मी इंजिनिअरिंगला एम-थ्रीमध्ये दोनदा राहिलो होतो. चार महिने अभ्यास करायचा आणि एका दुपारी सगळं शून्यावर यायचं, हे मी अनुभवलं होतं. त्या दिवसांत आकुर्डीतल्या फ्लॅटवर रात्री दोनला स्लाइम मारत बसण्यात जे सुख होतं ते पोरकट होतं हे मला मान्य आहे. पण दिवसभरात फक्त तिथेच कुणीतरी माझा हिशेब प्रामाणिकपणे लिहून ठेवत होतं.

(याला अपवाद आहेत. १९९९च्या 'फायनल फँटसी ८'मध्ये तुमची लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढते. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा. आता मोशीत फ्लॅट बघतोय, तेव्हा त्या डिझायनरला काय म्हणायचं होतं ते कळतं.)

मी ज्या कंपनीत आहे ती कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटलं की लोकांना हिंजवडी आठवते. मी मात्र आठवड्यातले दोन-तीन दिवस सेफ्टी शूज घालून चाकणला असतो. भोसरीहून निघालं की पुणे-नाशिक हायवेने तळेगाव चौक गाठायला किती वेळ लागेल हे कुणी सांगू नये. माझ्या फोनवरचे निम्मे गेम मी कंपनीच्या बसमध्ये याच रस्त्यावर संपवलेत.

आमच्या या पट्ट्यात जपानी शब्द शिकायला अ‍ॅनिमे बघावा लागत नाही. जालन्याहून, बीडहून, विदर्भातून आलेला पोरगा महिनाभरात काइझेन, पोका-योके, कानबान, गेम्बा सहज बोलायला लागतो. लाइनवर जाण्याआधी त्याला जिथे शिकवतात त्या खोलीचं नावच डोजो. तिथे बोल्ट घट्ट करायचा सराव, रंगातला दोष ओळखायचा सराव, दोन्ही हातांनी वेगवेगळे भाग उचलायचा सराव. गेममध्ये पहिल्या गावात एक म्हातारा तुम्हाला तलवार कशी धरायची ते शिकवतो, तसंच.

आणि डोजोच्या बाहेर भिंतीवर एक मोठा तक्ता असतो, स्किल मॅट्रिक्स. डावीकडे ऑपरेटरांची नावं, वर स्टेशनांची नावं, प्रत्येक घरात चार भाग केलेलं एक वर्तुळ. एक पाव भरलेला असेल तर एल-१, म्हणजे शिकतोय. दोन भरले की एल-२, कुणाच्यातरी नजरेखाली करू शकतो. तीन म्हणजे एकटा करतो. पूर्ण वर्तुळ भरलं की एल-४: दुसऱ्याला शिकवू शकतो. वाहन उद्योगाचं दर्जाचं एक मानक आहे, आयएटीएफ १६९४९. त्याचा ऑडिटर आला की विचारतो, इथे उभ्या असलेल्या माणसाला हे काम येतं हे कशावरून? तेव्हा सगळ्यांची बोटं त्या तक्त्याकडे जातात.

मी तो तक्ता पहिल्यांदा बघितला तेव्हा हसायलाच लागलो. माझ्यासाठी तो गेममधल्या पार्टीचा स्क्रीन होता. नाव, कौशल्य, लेव्हल!

तो तक्ता टॅबलेटवर आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते नोकरीतल्या कुठल्याही कामापेक्षा जास्त मनापासून केलं. कुणी किती शिफ्ट कुठल्या स्टेशनवर केल्या, किती तुकडे काढले, किती रिजेक्ट झाले, यावरून नावापुढची एक पट्टी भरत जाईल. पट्टी भरली की सुपरवायझरला सूचना जाईल, याची परीक्षा घ्या. परीक्षा पास झाला की वर्तुळाचा पुढचा पाव सोनेरी होईल. पट्टी आणि सोनेरी रंग कुणी मागितला नव्हता. तो मी घातला. मला खरंच वाटत होतं की होरीसाहेबांचं ते वचन मी चाकणमध्ये आणतोय. केलेलं वाया जाणार नाही, मोजलं जाईल.

लोकांना आवडलंही. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पोरं टॅबलेटपाशी थांबून आपली पट्टी बघायची, एकमेकांची चेष्टा करायची.

त्यातलाच तो. बीड जिल्ह्यातला, आयटीआय फिटर, एकवीस-बावीस वर्षांचा, ठेकेदारामार्फत आलेला. सहा महिन्यांत दोन स्टेशनांवर एल-३ आणि एकावर एल-४ झाला होता. म्हणजे नवीन आलेल्यांना तोच शिकवत होता. एल-३ झालं की दिवसामागे थोडे जास्त पैसे मिळायचे, त्याचं त्याला अप्रूप होतं. माझ्या अ‍ॅपमधली एक चूकही त्यानेच दाखवली होती: रात्रपाळीत बारा वाजून गेल्यावर काढलेले तुकडे दुसऱ्याच दिवसाच्या नावावर जात होते. एका संध्याकाळी पाळी बदलताना तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"सर, ह्याचा प्रिंट भेटन का?"

"कशाला रे?"

"दाखवायला. दुसरीकडं गेलं की एकपासूनच धरतेत."

फोन लॉकरमध्ये ठेवूनच लाइनवर यावं लागतं, त्यामुळे स्क्रीनचा फोटोही त्याला काढता येत नव्हता. मी म्हणालो, "बघतो."

'बघतो' हा मराठीतला सगळ्यात सभ्य नकार आहे. पण तेव्हा मला तो नकार वाटत नव्हता. मला ते एक काम वाटत होतं, जे मी यादीच्या तळाशी टाकलं होतं.

साइड क्वेस्टचं असंच असतं. गेममध्ये एखाद्या बाईचा नवरा हरवलेला असतो, कुणा म्हाताऱ्याला मरायच्या आधी एक विशिष्ट फूल बघायचं असतं. त्यांच्या डोक्यावर चिन्ह दिसतं, तुम्ही बोलता, काम यादीत जातं आणि ती माणसं तिथेच उभी राहतात. दहा तास, चाळीस तास. 'फायनल फँटसी ७'मध्ये शेवटी आकाशात उल्का लटकत असते, जग संपायला आठवडा राहिलेला असतो, आणि आपण निवांतपणे चोकोबो पक्ष्यांच्या जोड्या लावत बसतो, सोनेरी चोकोबो जन्माला यावा म्हणून. उल्का थांबते. सगळं जग तुमच्या फुरसतीची वाट बघतं.

आणि काय करायचं ते ठरवायला गाइड असतात. मी स्वतः असे तक्ते केले आहेत: कोण, कुठे, काय द्यायचं, बक्षीस काय. 'कोण' हा रकाना मी बहुतेक वेळा गाळायचो, कारण त्याचा उपयोग नसतो. हरवलेल्या नवऱ्याची बायको म्हणजे 'बचावाची अंगठी, गाव तिसरं, विहिरीजवळ'. यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही पूर्ण वाटत नाही. ती खरी बाई नाहीच. पण एखादी गोष्ट हजार वेळा केली की तिची सवय होते, आणि सवयीला खरं-खोटं कळत नाही. त्या मुलाने प्रिंट मागितल्यावर माझ्या डोक्यात नकळत तोच तक्ता उघडला. काम: वीस मिनिटं. परवानगी: क्लायंटच्या एचआरकडून घ्यावी लागेल, म्हणजे दोन मेल आणि एक अवघड बोलणं. बक्षीस: नाही.

गाइडमध्ये आणखी एक शब्द असतो, 'मिसेबल'. म्हणजे काही क्वेस्ट थांबत नाहीत, कथा पुढे सरकली की त्या कायमच्या जातात. चांगला गाइड त्या लाल रंगात दाखवतो.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला जड जातंय. परवानगी मी मागितली नाही, त्याचं कारण नुसता आळस नव्हता.

काही महिने आधी मला डेटामध्ये एक दोष दिसला होता. एकच माणूस, तेच नाव, तीच जन्मतारीख, पण टोकन नंबर दोन, कधी तीन. एकाच्या नावावर एल-३ आणि ते टोकन बंद, दुसऱ्याच्या नावावर एल-१ आणि ते चालू. डेटाबेसवाल्याला अशी दुबार नावं म्हणजे चपलेतला खडा. एका क्वेरीत जोडता आली असती. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर तर २०१४पासून आहेच, मालक बदलला तरी तो बदलत नाही, म्हणजे ओळख पटवायचीही अडचण नव्हती. मी मीटिंगमध्ये उत्साहाने सांगितलं. सगळे हो म्हणाले. मीटिंग संपल्यावर क्लायंटकडचा एक सज्जन माणूस, आणि तो खरंच सज्जन आहे, मला गेटबाहेर चहाला घेऊन गेला.

"आयडिया चांगली आहे. पण रेकॉर्ड वेगळेच राहू देत."

"का?"

"दोनशे चाळीस," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

चाकणमध्ये या आकड्याचा अर्थ समजवावा लागत नाही, मला मात्र घरी येऊन वाचावा लागला. कायद्यानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती वर्षाची सलग सेवा धरली जाते, आणि सलग सेवेमागोमाग हक्क येतात. म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. काही आठवडे घरी, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, नव्या टोकनने पुन्हा हजर. सात महिने म्हणजे साधारण दोनशे दहा दिवस. म्हणजे लेव्हल २४०ला वाढणार, आणि २१०ला कुणीतरी तुमची सेव्ह फाइल उडवणार.

मी जोडणारी क्वेरी लिहिली नाही. आणि त्या मुलाने प्रिंट मागितला तेव्हा मला माहीत होतं की त्या कागदावर कारखान्याचं नाव असेल, तारखा असतील, स्टेशनांची यादी असेल. तो नुसता शाबासकीचा कागद नसेल, पुरावा असेल. परवानगी मिळणार नाही हे मी धरून चाललो. विचारलं असतं तर कदाचित मिळालीही असती. न विचारल्यामुळे कुणालाच नाही म्हणावं लागलं नाही. ते काम माझ्या 'बघतो'ने केलं.

तीन आठवड्यांनी त्याचे सात महिने भरले. रात्री दोनला चालणारा एक जॉब आहे, मुदत संपलेली टोकन बंद करणारा. तो मीच लिहिलाय. त्या रात्रीही तो बिनचूक चालला.

हे सगळं मी ऑफिसमधल्या एका मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू उगाच भावनिक होतोयस. त्याच्या हातातलं कौशल्य कुणी काढून घेतलं का? टोकन गेलं, हात तर त्याचेच आहेत ना?"

हा मुद्दा मला बरेच दिवस खोडता आला नाही. जॉन लॉकने सतराव्या शतकात मालमत्तेबद्दल जे मांडलं त्याचा गाभा असा, की माणूस ज्यात आपले श्रम मिसळतो ते त्याचं होतं. जमिनीच्या बाबतीत यावर वाद घालता येईल, पण स्वतःच्या हातांच्या बाबतीत काय वाद? टॉर्क पुरेसा बसला की मनगटाला कळतं, ते कळणं कुठल्याही डेटाबेसमध्ये नाही. ते बीडच्या एसटीत बसून त्याच्याबरोबर गेलं. मग मी नक्की काय पुसलं?

उत्तर मला पुन्हा एका गेमने दिलं. १९९५च्या 'क्रोनो ट्रिगर'मध्ये एक गोष्ट आली, तिचं नाव 'न्यू गेम प्लस'. हा शब्द त्या गेमनेच रूढ केला. गेम एकदा संपवला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो. गावातलं कुणीच तुम्हाला ओळखत नाही, आई पुन्हा सकाळी पडदे उघडून उठवते, पण तुमची लेव्हल आणि शस्त्रं तशीच राहतात. पहिल्या जत्रेतल्या दुबळ्या शत्रूंना तुम्ही एका फटक्यात आडवे करता. धमाल येते, कारण जग सगळं विसरलेलं असलं तरी त्या विसरण्याचा फायदा तुम्हाला मिळतो.

आता हेच चाकणमध्ये मांडून बघा. ब्रेकनंतर तो परत येतो. कागदावर एल-१. हात एल-४चे. लाइनवर पहिल्या दिवसापासून तुकडे एल-४च्या वेगाने पडणार, रिजेक्शन एल-४चं, पैसे एल-१चे. म्हणजे न्यू गेम प्लस इथेही आहेच. फक्त 'प्लस' कुणाच्या खात्यात जातो तेवढं बदललंय. मित्र म्हणतो ते बरोबर आहे, कौशल्य त्याच्याजवळच राहिलं. आणि म्हणूनच ते फुकट वापरता येतं. ते त्याच्याजवळ राहिलं नसतं, तो ब्रेकमध्ये सगळं खरोखर विसरला असता, तर लेव्हल पुसणं परवडलंच नसतं.

हे मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, उद्यापासून क्वेरी लिहिणार का?" मी गप्प बसलो.

तर, दोन महिन्यांनी तो परत आला. त्याच कारखान्यात, दुसऱ्या ठेकेदाराकडून. मला नव्या भरतीच्या यादीत फोटो दिसला. टोकन नवं, वर्तुळं रिकामी. मी डोजोत गेलो तेव्हा तो टेबलापाशी बसून बोल्ट घट्ट करायचा सराव करत होता, आणि त्याला शिकवणारा पोरगा तो होता ज्याला यानेच पावसाळ्यात शिकवलं होतं. दोघंही हसत होते. मला वाटलं होतं तसं ते दृश्य करुण वगैरे नव्हतं. शिकवणारा म्हणाला, "सर, ह्यो लईच हळू शिकतोय," आणि दोघं पुन्हा हसले.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हणालो, "ते प्रिंटचं राहूनच गेलं. आता देतो काढून."

"आता नको सर," तो म्हणाला. "आता एकच तर आहे त्याच्यावर."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याला खरंच त्या कागदाचा आता उपयोग नव्हता.

'क्रोनो ट्रिगर'मध्ये एक प्रसंग आहे, तो माहीत नसताना खेळला तर घाम फुटतो. सुरुवातीच्या जत्रेत तुम्ही मजेत फिरता. एका मुलीला धक्का लागतो, ती पडते, तिचं लॉकेट उडतं. तुम्ही आधी तिच्याकडे जाता की लॉकेटकडे? एका टेबलावर कुणाचातरी डबा असतो, खाता येतो, जीव भरतो. एका लहान मुलीची मांजर हरवलेली असते. यातल्या कशावरही क्वेस्टचं चिन्ह नाही, यादी नाही, बक्षीस नाही. तासाभराने तुमच्यावर खटला भरतो आणि साक्षीदार एकेक करून पुढे येतात. ज्याचा डबा खाल्ला तो म्हातारा येतो. मांजर परत दिली असेल तर ती पोरगी येते. गेमने सगळं लिहून ठेवलेलं असतं.

यातली गंमत म्हणजे निकाल काहीही लागला तरी तुरुंगात जावंच लागतं. निर्दोष ठरलात तरी कोठडी, दोषी ठरलात तरी कोठडी. पहिल्यांदा मला हा फालतूपणा वाटला होता. मग निवडीला अर्थ काय? गाइड लिहिणाऱ्याच्या भाषेत, फरक पडत नाही, वाटेल ते करा.

पण मी तो गेम नंतर दोनदा खेळलो आणि दोन्ही वेळा डबा खाल्ला नाही. तुरुंग टळणार नाही हे माहीत असून. त्या म्हाताऱ्याने साक्षीला येऊन जे बोलायचं ते मला ऐकायचं नव्हतं, एवढंच. आता कुणी म्हणेल की हाही स्वार्थच, स्वतःला चांगलं वाटावं म्हणून केलेला. असेल. बक्षिसाशिवाय केलेलं काम आणि 'मला बक्षीस नको' असं स्वतःला सांगत केलेलं काम, यांतला फरक मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्याकडे देहू-आळंदी दोन्ही बाजूंना आहेत, फळाची आशा न धरता कर्म करण्याबद्दल लहानपणापासून इतकं ऐकलंय की आता ते कानावरून जातं. पण ते सगळं करणाऱ्याला उद्देशून आहे. तू फळाची आशा धरू नकोस. दुसऱ्याच्या फळाचा हिशेब जो लिहितो, त्या कारकुनासाठी काय नियम? बोल्ट घट्ट करणाऱ्याने निष्काम असावं, असं ज्याच्याकडे टॅबलेट आहे त्याने म्हणू नये.

गेल्या आठवड्यात मी एक तिकीट टाकलं. ऑपरेटरला स्वतःचा स्किल रेकॉर्ड, बंद झालेल्या टोकनसकट, पीडीएफमध्ये घेता यावा. काम लहान आहे. 'मागणी कोणाची' हा रकाना भरल्याशिवाय तिकीट पुढे जात नाही. त्याचं नाव टाकता येत नव्हतं, टाकणं बरंही नव्हतं, म्हणून मी माझं टाकलं. सोमवारी मॅनेजरने विचारलं, "हे क्लायंटने मागितलंय का?" मी नाही म्हणालो. "मग प्रायॉरिटी लो ठेवू," तो म्हणाला. तिकीट उघडं आहे. ते पुढे रेटायचं तर मला त्या चहावाल्या सज्जन माणसासमोर बसून २४० हा आकडा मोठ्याने उच्चारावा लागेल. आमच्या कंपनीचं त्यांच्याबरोबरचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये नवं होतं, हेही मला माहीत आहे. अजून मी बसलेलो नाही.

काल मामेभावाचा पुन्हा मेसेज आला. कॉलेजच्या कॅम्पसमधून त्याची निवड झालीय, ट्रेनी म्हणून, चाकणलाच, दुसऱ्या एका कारखान्यात. ऑफर लेटरचा फोटो पाठवला आणि विचारलं, "दादा, तिकडचे काही टिप्स?"

मी पुन्हा उठून बसलो. लिहिलं: पहिल्याच महिन्यात यूएएन नंबर मागून घे आणि पासबुक स्वतः उघडून बघ. पगाराची प्रत्येक पावती सांभाळ, फोनमध्ये आणि कागदावरही. डोजोत ज्या ज्या कागदावर तुझी सही घेतील त्याची एक प्रत माग. लेव्हल वाढली की त्याच दिवशी प्रत माग, नंतर नको. कुणी 'बघतो' म्हणालं तर आठवड्याने परत जा. माझ्यासारखा कुणी टॅबलेटवाला असेल तर त्याच्याकडे तर नक्की जा.

थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. "ओके दादा. आणि तो बॉस मेला काल."